नीरा–भीमेच्या काठचे पट्टकृमी आणि त्यांच्या वर्गीकरणाचा इतिहास

पट्टकृमीला तोंड नसते, अन्ननलिका नसते आणि आतडेही नसते. यजमान प्राण्याच्या आतड्यात तयार झालेला अन्नरस तो सगळ्या अंगाने शोषून घेतो. डोळे, पाय, पंख, दात यांवरून प्राण्यांची प्रतवारी लावणाऱ्या अभ्यासकाच्या हाताशी त्यामुळे येथे दोनच गोष्टी उरतात: आतड्याच्या अस्तराला धरून राहणारे डोके आणि जननेंद्रिये. पट्टकृमींचे गण, कुले आणि प्रजाती यांची सगळी मांडणी या दोन गोष्टींवर उभी आहे. प्रजाती म्हणजे एकमेकींना जवळ असलेल्या जातींचा समूह. तिच्यापर्यंत पोहोचणे हे या कामातले निम्मे यश असते आणि बऱ्याचदा तेवढेच खात्रीचे असते.

बहुतेक पट्टकृमींचे शरीर तीन भागांचे असते. पुढे लहानसे डोके, त्यामागे आखूड मान आणि मानेपासून सतत नवे खंड तयार होऊन लांबत जाणारी साखळी. मानेजवळचे खंड कोवळे असतात. मधल्या खंडांत नर आणि मादी अशी दोन्ही जननेंद्रिये पूर्ण वाढलेली असतात, कारण प्रत्येक खंड उभयलिंगी असतो. शेवटचे खंड अंड्यांनी भरलेले आणि गळून पडण्याच्या बेतात आलेले असतात. ओळख पटवण्यासाठी मधले खंड सर्वांत मोलाचे. वृषणे किती आणि कोठे विखुरलेली आहेत, अंडाशय एकसंध आहे की दुभंगलेले, पीतक ग्रंथी आहेत की नाहीत, जननछिद्र एका कडेला उघडते की दोन्ही कडांना, हे सारे तेथेच दिसते. मेंढपाळाच्या नजरेला मात्र शेवटचे, गळून पडलेले खंडच पडतात, आणि त्यांवरून फारसे काही ठरवता येत नाही.

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे तालुके. दोन्हींच्या दक्षिणेला नीरा, इंदापूरच्या उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, आणि नीरा नरसिंहपूरला या दोन नद्यांचा संगम. बारामती तालुक्यातून कऱ्हा वाहते आणि नीरेला मिळते. नीरेच्या डाव्या कालव्याखालचा पट्टा उसाचा, त्याच्या वरचा माळ जिरायती. माळावर दख्खनी मेंढ्यांचे कळप, वस्त्यांवर शेळ्या आणि गावठी कोंबड्या, कळपामागे राखणीची कुत्री, नदीत वाम, मरळ, शिवडा आणि मांगूर. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यावर भिगवण, कुंभारगाव, पळसदेव, कळाशी या गावांच्या अंगाला जलाशयाचे पाणी आले आणि मासेमारी हा या बाजूचा मोठा व्यवसाय झाला. मेंढी, कोंबडी, कुत्रे आणि मासा या चार प्रकारच्या यजमानांत पट्टकृमींच्या रचनेचे जवळजवळ सगळे महत्त्वाचे नमुने सापडतात. वर्गीकरणाचा इतिहास सांगण्यासाठी याहून सोयीचा मुलूख शोधावा लागत नाही.

जुन्या भारतीय वैद्यकात कृमींची विभागणी होती, पण ती शरीररचनेवरची नव्हती. चरकसंहितेत कृमींचे २० प्रकार सांगितले आहेत आणि त्यांची वाटणी ते मळ, कफ, रक्त, पुरीष यांपैकी कशात उपजतात यावरून केलेली आहे. रोग्यावर उपचार करणाऱ्याला ती पुरेशी होती. युरोपात १७५८ मध्ये लिनियसने ‘टीनिया’ हे नाव रूढ केले, तेव्हा लांब, चपटा आणि खंडित असा जवळपास प्रत्येक कृमी त्यात जाऊन बसला. १७८२ मध्ये योहान गोएझे या जर्मन पाद्र्याने जनावरांच्या अवयवांत सापडणाऱ्या पाणीदार फोडांत पट्टकृमीचीच डोकी असल्याचे दाखवले. फोड आणि कृमी हे एकाच प्राण्याच्या आयुष्याचे दोन टप्पे आहेत, हे सिद्ध व्हायला मात्र १८५० चे दशक उजाडावे लागले. फ्रीडरिख क्यूखनमाइस्टर याने फोड प्राण्यांना खायला घालून त्यांच्या आतड्यात पट्टकृमी वाढवून दाखवले.

दरम्यान रुडोल्फी याने १८०८ नंतर डोक्याच्या रचनेकडे लक्ष वेधले होते. काही कृमींच्या डोक्यावर चार वाटोळे चूषक असतात, तर काहींना चूषकांऐवजी दोन लांबट खाचा असतात. खाचा असलेल्यांसाठी त्याने ‘बोथ्रिओसेफॅलस’ ही प्रजाती वेगळी काढली. पुढे १८६३ मध्ये खाचांचे कृमी आणि खंडच नसलेले कृमी यांचे वेगळे गण मानले गेले. चार चूषकांच्या कृमींचा मोठा गण १९०० च्या सुमारास पक्का झाला. अशा रीतीने डोक्यावरून गण ठरू लागले. कुल आणि प्रजाती ठरवण्याचे काम मात्र जननेंद्रियांकडे आले, कारण एकाच प्रकारचे डोके असलेल्या कृमींत ती फार वेगवेगळी निघत होती.

मेंढ्या-शेळ्यांतले पट्टकृमी हे याचे उत्तम उदाहरण. त्यांच्या डोक्यावर फक्त चार चूषक असतात. अंकुश नसतात, काटे नसतात. डोके पाहून काही कळत नाही. १८९१ मध्ये राफाएल ब्लांशार याने त्यांतल्या एका गटाला ‘मोनिझिया’ हे नाव दिले. त्याची खूण अशी की प्रत्येक खंडात जननेंद्रियांचे दोन संच असतात आणि दोन्ही कडांना जननछिद्रे असतात. रंगवलेला खंड सूक्ष्मदर्शकाखाली धरताच ही जोडी दिसते. इथे चूक होण्याचा संभव फार कमी. मोनिझिया एक्सपान्सा हा मेंढ्या-शेळ्यांचा नेहमीचा कृमी. तो काही मीटर लांब होतो, आणि मेंढीच्या लेंड्यांत भाताच्या शितांसारखे जे पांढरे तुकडे दिसतात ते बहुधा त्याचे खंड असतात. दोन खंडांच्या सांध्यावर लहान ग्रंथींची ओळ असते. एक्सपान्सामध्ये ती ओळ खंडाच्या रुंदीभर पसरते, तर गुराढोरांत जास्त आढळणाऱ्या मोनिझिया बेनेडेनाय या जातीत ती मध्यभागी आखूड आणि दाट असते. याच ग्रंथींवरून स्क्र्याबिन आणि शुल्त्स यांनी १९३७ मध्ये मोनिझियाचे तीन उपप्रजातींत विभाजन केले: गोल ग्रंथींची, रेषेत दाटलेल्या ग्रंथींची आणि ग्रंथी नसलेली.

दोन संच नसतील तर पुढची पायरी पीतक ग्रंथीची. ही ग्रंथी अंड्याला लागणारा पोषक भाग पुरवते. ‘थायसॅनिझिया’मध्ये ती असते. ‘स्टिलेसिया’ (रेये, १८९३) आणि ‘अविटेलिना’ (गॉ, १९११) यांत ती नसतेच. या दोघांना वेगळे करण्यासाठी अंडी भरलेल्या खंडाकडे जावे लागते. अविटेलिनाच्या खंडात अंड्यांची एकच पिशवी मध्यभागी असते. स्टिलेसियाच्या खंडात दोन कडांना दोन. अविटेलिना इतका अरुंद असतो आणि त्याचे खंड इतके पुसट असतात की खाटकाच्या दुकानात आतडी साफ करताना तो जाड दोऱ्यासारखा निघतो, आणि अनुभव नसलेला माणूस त्याला गोल जंत समजतो. मोनिझियाला कोणत्या मधल्या यजमानाची गरज लागते हे बराच काळ गूढ होते. १९३७ मध्ये अमेरिकेत होरेस स्टंकार्ड याने मातीत आणि गवताच्या मुळाशी राहणारे बारीक ओरिबॅटिड माइट त्याची अळी वाढवतात हे दाखवले. मेंढी गवताबरोबर माइट गिळते. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे चराईच्या शोधात हलतात, वाटेवरच्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसवल्या जातात, आणि त्या शेतांतल्या माइटांना कृमींची अंडी मिळत राहतात. कळपाबरोबर कृमीही गावोगावी पोचतो तो असा.

कळपामागच्या कुत्र्यांत वेगळाच नमुना भेटतो. टीनिया मल्टिसेप्स या कृमीच्या डोक्यावर पुढे आलेल्या तुंडाभोवती लहान-मोठ्या अंकुशांची दोन वर्तुळे असतात. त्याची अंडी मेंढीच्या पोटात गेली तर अळी मेंदूत जाऊन पाण्याने भरलेला फोड बनवते आणि मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरू लागते. अशी मेंढी मेल्यावर तिचे डोके कुत्र्याला मिळाले की चक्र पूर्ण होते. टीनिया प्रजातीत गर्भाशयाला किती फांद्या फुटतात ही जुनी आणि उपयोगी खूण आहे. माणसात आढळणाऱ्या दोन जातींत टीनिया सोलियमच्या गर्भाशयाला प्रत्येक बाजूस ७ ते १३ फांद्या असतात, टीनिया सॅजिनाटाच्या गर्भाशयाला त्याहून बऱ्याच जास्त. शिवाय सोलियमच्या डोक्यावर अंकुश असतात, सॅजिनाटाच्या डोक्यावर नसतात. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकलेल्या बहुतेकांना पट्टकृमी म्हटले की टीनिया सोलियम आठवतो, कारण पाठ्यपुस्तकात आणि प्रात्यक्षिकाच्या स्लाइडवर तोच असतो. बारामतीच्या माळावरच्या विद्यार्थ्याच्या घरामागे मोनिझिया असतो; परीक्षेला मात्र टीनिया सोलियम येतो.

कुत्र्यातला दुसरा कृमी एकिनोकोकस. तो पूर्ण वाढूनही काही मिलिमीटरच भरतो आणि साधारणपणे तीन-चार खंडांचाच असतो. कुत्र्याच्या आतड्यात तो उघड्या डोळ्यांना सुटून जातो. त्याचे फोड मात्र जनावरांच्या यकृतात आणि फुप्फुसात मोठे होतात, आणि ते माणसालाही होऊ शकतात.

कोंबडीच्या पट्टकृमींत पुन्हा डोक्याला महत्त्व येते. ‘रायलिएटिना’ या प्रजातीच्या तुंडावर हातोडीच्या आकाराचे बारीक अंकुश असतात. रायलिएटिना टेट्रागोनात ते सुमारे १०० आणि एका ओळीत, एकिनोबोथ्रिडात सुमारे २०० आणि दोन ओळींत, तर सेस्टिसिलसमध्ये तुंड रुंद आणि अंकुश ४०० ते ५००. पहिल्या दोन जातींच्या चूषकांवरही काटे असतात, तिसरीच्या नसतात. एकिनोबोथ्रिडा आतड्याच्या भिंतीवर गाठी उठवतो, आणि कोंबडी साफ करणाऱ्याला त्या क्षयाच्या गाठींसारख्या वाटू शकतात. दिआमारे याने १८९३ मध्ये नोंदलेल्या ‘कोटुग्निया’मध्ये मोनिझियाप्रमाणेच जननेंद्रियांचे दोन संच असतात, पण डोक्यावर अंकुश असतात, म्हणून दोघांची गल्लत होत नाही. ‘डॅव्हेनिया’ चार मिलिमीटरच्या आतलाच असतो; त्याला शोधायचे तर आतड्याचे अस्तर पाण्यात खरवडून भिंगाखाली पाहावे लागते.

पाळीव जनावरांच्या या कृमींची भारतातली यादी एका मराठी माणसाने नीट लावली. गो. दा. भालेराव यांनी १९३५ मध्ये शेती संशोधनाच्या शाही परिषदेच्या मालिकेत ‘भारतातील पाळीव प्राण्यांचे कृमी परजीवी’ या विषयावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पशुवैद्यकांना निदानासाठी परदेशी पुस्तकांवर विसंबून राहण्याची गरज कमी झाली. पशुवैद्यकीय परजीवीशास्त्राची आणि प्राणिशास्त्राची वाट मात्र येथून फुटली. पशुवैद्यकाला औषधापुरती प्रजाती पुरते. प्राणिशास्त्रज्ञाला जात हवी असते, आणि नवी जात मिळाली तर अधिकच बरे. महाराष्ट्रातल्या पुढच्या सगळ्या इतिहासावर या दुसऱ्या ओढीची छाया आहे.

ही ओढ माशांत सर्वांत जास्त दिसते. भारतातल्या माशांच्या पट्टकृमींचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात सुरू झाला. टॉमस साउथवेल याने कलकत्त्याच्या संग्रहांवर काम केले आणि १९३० मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेत पट्टकृमींचे दोन खंड दिले. अलाहाबादेत वुडलंड याने १९२४ मध्ये शिवड्यासारख्या माशांतल्या कृमींसाठी ‘गँजेसिया’ ही प्रजाती केली. तिच्या डोक्यावर चार चूषक असतात आणि टोकाशी अंकुशांचे कडेही असते.

नागपूरला म. आ. मोघे यांनी मांगूर माशाच्या आतड्यात सापडलेला एक कृमी १९२५ मध्ये इंग्लंडच्या ‘पॅरासिटॉलॉजी’ या नियतकालिकात ‘कॅरिओफायलियस इंडिकस’ या नावाने प्रसिद्ध केला. हा कृमी खंडहीन गणातला. त्याच्या अंगावर साखळी नाही, चूषक नाहीत, अंकुश नाहीत. सगळ्या शरीरात जननेंद्रियांचा एकच संच. डोक्यावरून आणि खंडांवरून ओळखण्याची सवय झालेल्याला या गणात धरायला काहीच मिळत नाही. त्यामुळे येथे शरीराचा आडवा छेद घ्यावा लागतो. कृमीच्या अंगात लांब स्नायूंचा एक आतला थर असतो. पीतक ग्रंथीच्या पुटिका त्या थराच्या आत आहेत की बाहेर, यावरून कुल ठरते: आत असतील तर कॅरिओफायलियसचे कुल, बाहेर असतील तर लायटोसेस्टसचे. मोघे यांचा कृमी बाहेरच्यांतला होता. वुडलंड याने १९२६ मध्येच त्याला ‘लायटोसेस्टस’ या प्रजातीत हलवले. ती प्रजाती कोहन याने १९०८ मध्ये हाँगकाँगच्या माशावरून केली होती. मोघे यांनी १९३१ मध्ये पुन्हा त्याच कृमीवर पुरवणी लेख लिहिला आणि नवे नाव स्वीकारून रचनेतले तपशील भरून काढले. स्वतःच्या जातीचे नाव दुसऱ्याने बदलल्यावर चिडून न बसता त्याच जातीचे वर्णन पुन्हा नीट करणारे अभ्यासक या क्षेत्रात फार झाले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर लखनौ हे केंद्र झाले. गो. स. थापर यांच्या प्रयत्नांतून तेथे कृमिशास्त्राची परंपरा आणि भारतीय नियतकालिक उभे राहिले. १९६१ मध्ये एस. पी. गुप्ता यांनी खंडहीन गणात ‘लखनोविया’ आणि ‘स्यूडोकॅरिओफायलियस’ या नव्या प्रजाती मांडल्या. महाराष्ट्रात ही परंपरा औरंगाबादला आली. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात जी. बी. शिंदे यांनी १९६८ मध्ये मरळ-कुळातल्या माशातून ‘सर्कमऑन्कोबोथ्रियम’ ही नवी प्रजाती इटलीच्या नियतकालिकात नोंदवली. त्यानंतरच्या तीन दशकांत त्यांच्या आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या, पुढे बी. व्ही. जाधव यांच्या विद्यार्थ्यांच्या हातून, शेळ्या-मेंढ्या, पक्षी आणि मासे यांतल्या पट्टकृमींच्या नव्या जातींची मोठी रांग लागली. एवढे नवे कृमी एका राज्यातून इतक्या थोड्या काळात क्वचितच नोंदले गेले असतील.

या कामाचे साधन साधे होते, आणि तेच त्याच्या फैलावाचे कारण. खाटकाकडून शेळीचे आतडे किंवा बाजारातून वाम आणायचा, आतडे उभे चिरून कृमी सलाइनमध्ये मोकळे करायचे, काचेच्या दोन पट्ट्यांत दाबून ४ टक्के फॉर्मलिनमध्ये घट्ट करायचे, हेमॅटॉक्सिलिनने किंवा बोरॅक्स कारमाइनने रंगवायचे, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून पाणी काढायचे, झायलीनने पारदर्शक करायचे आणि डीपीएक्स या चिकट माध्यमात बसवायचे. मग सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा हे रेखाटनाचे साधन लावून चित्र काढायचे आणि मापे घ्यायची. महागडी यंत्रे लागत नाहीत. तालुक्याच्या महाविद्यालयातही हे जमते. बारामतीला १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले, तसे अनेक तालुक्यांत प्राणिशास्त्राचे विभाग उभे राहिले. प्रजाती ओळखण्यासाठी यामागुती यांचा १९५९ चा ‘सिस्टेमा हेल्मिंथम’चा पट्टकृमींचा खंड आणि पुढे श्मिट यांचे १९८६ चे हस्तपुस्तक हे हाताशी असले की काम चालत असे. संशोधनाचा हा प्रकार गावापर्यंत नेणे ही औरंगाबादच्या परंपरेची खरी कामगिरी, असे म्हणावे लागेल.

वाममधील कृमी हे या काळाचे ठळक उदाहरण. ‘सेंगा’ ही प्रजाती डॉलफुस याने १९३४ मध्ये केली, आणि तीही फ्रान्समधल्या व्हॅन्सेनच्या मत्स्यालयात पाळलेल्या एका लढाऊ माशात सापडलेल्या कृमीवरून. तिच्या डोक्यावर दोन खाचा आणि टोकाशी एक तबकडी असते. तबकडीच्या कडेला अंकुश दोन अर्धवर्तुळांत असतात. अंकुश अखंड एका वर्तुळात असतील तर सर्कमऑन्कोबोथ्रियम, दोन अर्ध्यांत विभागलेले असतील तर सेंगा, असा फरक शिकवला जाई. १९८० मध्ये सेंगा औरंगाबादेन्सिस आणि सेंगा गोदावरी, १९८१ मध्ये सेंगा पैठणेन्सिस, १९९१ मध्ये सेंगा महाराष्ट्री अशी गावांची, नदीची आणि राज्याची नावे जातींना मिळाली. पैठणला जायकवाडीचा जलाशय होता. उजनीचा जलाशय त्याच दशकात भरला, आणि तशाच वाम माशांनी भिगवणचा बाजारही भरू लागला.

अडचण अशी की अंकुश गळतात. दाबलेल्या काचेखाली तबकडी एका बाजूला झुकली की अर्धवर्तुळ वर्तुळासारखे दिसते. फॉर्मलिन गरम आहे की थंड, कृमी जिवंत घेतला की मेलेल्या माशातून, यावर त्याची लांबी, रुंदी आणि डोक्याचा आकार बदलतो. वृषणांची संख्या एकाच कृमीच्या दोन खंडांतही सारखी नसते. मग एका लेखात ६० ते ७० आणि दुसऱ्यात ७५ ते ८० वृषणे लिहिली की दोन जाती होतात. हा दोष कोणा एका विद्यापीठाचा नाही. लखनौपासून कलकत्त्यापर्यंत भारतात हेच चालले होते, आणि युरोपातही एकोणिसाव्या शतकात हेच झाले होते. पण येथे एक जास्तीची गोष्ट घडली. ज्या स्लाइडांवरून जाती केल्या त्या अनेकदा विभागाच्या कपाटात राहिल्या आणि कालांतराने दुसऱ्या अभ्यासकाला पाहायला मिळेनाशा झाल्या. स्लाइड नसली की नाव तपासता येत नाही आणि खोडताही येत नाही.

ही तपासणी २००० नंतर सुरू झाली. चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांच्या पुढाकाराने २००८ मध्ये खाचांच्या जुन्या गणाचे दोन वेगळे गण झाले. त्यांतल्या बोथ्रिओसेफॅलिडिया या गणाच्या प्रजातींची कुख्टा, शोल्झ आणि ब्रे यांनी त्याच वर्षी फेरमांडणी केली, आणि सर्कमऑन्कोबोथ्रियम आज सेंगाचेच दुसरे नाव मानले जाते. अंकुशांचा अखंड आणि विभागलेला असा फरक प्रजाती वेगळी ठरवण्याइतका खात्रीचा ठरला नाही. २०११ मध्ये अनिर्बान अ‍ॅश, शोल्झ, ओरोस आणि प्रदीप कर यांनी भारत ते इंडोनेशिया या पट्ट्यातल्या मांगूर माशांतील खंडहीन कृमी तपासले. साहित्यात ५९ जाती नोंदलेल्या होत्या. त्यांतल्या ८ खऱ्या ठरल्या. बाकीच्या सगळ्या त्याच आठांची पुन्हा पुन्हा दिलेली नावे निघाली किंवा ओळखता येण्याजोग्या नव्हत्या. टिकलेल्या आठांत मोघे यांचा १९२५ चा लायटोसेस्टस इंडिकस आहे. योगायोगाने त्याच्या यजमानाचेच नाव बदलले: ‘क्लॅरियस बॅट्राकस’ हे नाव २००८ मध्ये जावामधल्या माशापुरते मर्यादित झाले आणि भारतातला मांगूर ‘क्लॅरियस मागुर’ ठरला.

या फेरतपासणीत प्रजाती बऱ्याच टिकल्या आणि जाती मोठ्या प्रमाणावर कोसळल्या, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कारण प्रजातीच्या आणि तिच्या वरच्या गटांच्या खुणा हो-किंवा-नाही अशा असतात: जननेंद्रियांचे संच एक की दोन, पीतक ग्रंथी आहे की नाही, पुटिका स्नायूंच्या आत की बाहेर, डोक्यावर चूषक की खाचा. काच कितीही दाबली तरी एकाचे दोन संच होत नाहीत. जातीच्या खुणा मात्र मोजमापाच्या होत्या, आणि मोजमापे दाबाने बदलतात. शरीररचनेवरच्या वर्गीकरणाला आता डीएनएची जोड मिळाली आहे, पण तिनेही चार चूषक, दोन खाचा आणि खंडहीनता यांवरून पाडलेले मोठे गट सरसकट मोडले नाहीत. २०१७ मध्ये कायरा आणि जेन्सन यांच्या जागतिक आढाव्यात पट्टकृमींचे १९ गण आणि सुमारे ४८०० जाती मानल्या गेल्या. जातीच्या पातळीवर मात्र डीएनए नवे भेद दाखवतो. मुंबईतल्या कत्तलखान्यातल्या जनावरांच्या फोडांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पश्चिम भारतात एकिनोकोकसचे एकच रूप नसून चार आहेत, आणि त्यांतले एक, म्हशींत जास्त आढळणारे, सर्वांत सामान्य आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतले भेद अंकुशांच्या लांबीइतके बारीक असतात.

प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्यानुसार १९९९ नंतर दिलेल्या नव्या जातीच्या नावासाठी आदर्श नमुना स्पष्टपणे नेमणे आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाईल हे सांगणे बंधनकारक आहे. नाहीतर ते नाव उपलब्धच धरले जात नाही. असा सार्वजनिक संग्रह दूर नाही. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ पासून पुण्यात आहे आणि आज ते आकुर्डीला आहे. भिगवणच्या बाजारातल्या वाममध्ये सापडलेल्या कृमीवर ‘सेंगा’ आणि बारामतीच्या मेंढीतल्या कृमीवर ‘मोनिझिया’ हे नाव आजही शरीररचनेवरून निर्धास्तपणे लिहिता येते. त्यापुढचे, जातीचे नाव लिहायचे असेल तर कृमीचा एक तुकडा डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये राखून ठेवावा आणि रंगवलेली स्लाइड आकुर्डीला जमा करावी.